विशेष शिक्षक : नाव एक, कामे अनेक
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पालक, शिक्षक व धर्मशिक्षक ह्यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने गेले कित्येक दिवस आम्ही जुनी दप्तरे चाळीत बसलो होतो. पन्नास वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या एका बाजूस ठेवल्या, प्रथम ख्रिस्तशरीर ग्रहणाच्या वह्या दुसऱ्या बाजूस ठेवल्या, आणि स्मरणिकेसाठी आकडे जुळवू लागलो. ते आकडे जुळेनात. काही कुटुंबे मुंबईस गेली, काही परदेशी गेली, काही बालके लहानपणीच देवाघरी गेली. इतके सर्व वजा करूनही काही नावे उरली. ती पहिल्या वहीत आहेत, दुसऱ्या वहीत नाहीत, आणि त्यांची घरे तर अद्याप ह्याच गावात आहेत. वयोवृद्ध मंडळींस आम्ही त्यांविषयी विचारले. उत्तर बहुधा एकच मिळाले : "फादर, तो मुलगा जरा तसाच होता. शाळेतही गेला नाही."

"तसाच" ह्या एका शब्दात किती निरनिराळी मुले कोंबून बसविली आहेत! त्यांत कोणी कर्णबधिर होते, कोणास डोळ्यांनी दिसत नव्हते, कोणाची बुद्धी मंदगतीने चालत होती, तर कोणी आज ज्यास स्वमग्नता म्हणतात त्या अवस्थेचे असावे. महोत्सव समितीने आम्हांस शिक्षणाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा ह्या उरलेल्या नावांखेरीज दुसरा विषय आम्हांस सुचेना. म्हणून अशा मुलांस शिकविणारा जो विशेष शिक्षक, तो ठिकठिकाणी काय काम करतो, त्याची तयारी कशी होते, आणि एका प्रांतात त्याचे जे रूप दिसते ते दुसऱ्या प्रांतात का दिसत नाही, ह्याचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रारंभी आमच्याच एका चुकीची कबुली देणे प्राप्त आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेस होतो. तेथे एक माता आपल्या दहा वर्षांच्या मुलास घेऊन आली. मुलगा बोलत नसे. देवळातील घंटा वाजली की तो दोन्ही कान झाकून मोठ्याने ओरडे. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो एका जागी बसत नाही, अशी तक्रार आमच्याकडे अगोदरच आली होती. मातेने प्रथम ख्रिस्तशरीराविषयी विचारले. आम्ही म्हणालो, "बाई, पुढल्या वर्षी पाहू." पुढल्या वर्षी ती पुन्हा आली, आम्ही पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या वर्षी जाता जाता ती इतकेच म्हणाली, "फादर, तो ऐकतो. फक्त तुमच्या-आमच्यासारखा ऐकत नाही." त्यानंतर ती आली नाही. मुलाच्या वडिलांची गोव्यास बदली झाली होती.

दीड-दोन वर्षांनी तिचे पत्र आले. सोबत छायाचित्र होते. पांढऱ्या पोशाखातील तो मुलगा हातात मेणबत्ती धरून उभा! तेथील शाळेत अशा मुलांसाठी एक स्वतंत्र खोली होती आणि तीत एक विशेष शिक्षिका होती. ती बाई ख्रिस्ती नव्हती. तथापि धर्मशिक्षिकेकडून सर्व विधी समजावून घेऊन तिने सहा चित्रे काढली : देवळात शिरणे, गुडघा टेकणे, बसणे, रांगेत पुढे जाणे, ग्रहण करणे, जागेवर परतणे. दर शनिवारी रिकाम्या देवळात, घंटा न वाजविता, ती मुलास एकेक चित्र दाखवी व तेवढीच एक कृती करवून घेई. होस्तियेची चव अपरिचित वाटून त्याने ती थुंकू नये म्हणून अभिमंत्रित न केलेल्या होस्तियेचा तुकडाही तिने त्यास आधी चाखावयास दिला. तीन महिन्यांत मुलगा तयार झाला.

बंधुभगिनींनो, मुलगा तोच होता, माताही तीच होती. केवळ गाव बदलले होते. आमच्याजवळ धीर नव्हता हा आमचा दोष खराच; परंतु धीरासोबत विद्याही लागते, आणि ती विद्या जाणणारे माणूस एका गावी होते व दुसऱ्या गावी नव्हते. गाव बदलल्याने एखाद्या बालकाचे भाग्य इतके का बदलावे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून बसला आहे.

ह्या विद्येचा थोडा इतिहास प्रथम पाहू. अठराव्या शतकात पॅरिस नगरीत शार्ल-मिशेल द लेपे नावाचे एक धर्मगुरू होते. कर्णबधिर अशा दोन बहिणींशी त्यांची गाठ पडली, आणि त्या मुलींस शिकवावयाचे तर त्या ज्या खुणांनी परस्परांशी बोलतात त्या खुणा आपणच शिकल्या पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. त्यांनी काढलेली शाळा कर्णबधिरांच्या सार्वजनिक शिक्षणाचा पाया ठरली. पुढे इ. स. १८८० साली मिलान येथे ह्या क्षेत्रातील शिक्षकांची परिषद भरली. तीत खुणांची भाषा मागे सारून केवळ वाचेचे शिक्षण द्यावे असा ठराव झाला, आणि जगभरच्या शाळांवर त्याचा दीर्घकाळ पगडा बसला. त्या ठरावाने झालेल्या हानीबद्दल इ. स. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेने खेद व्यक्त केला. मधल्या एकशेतीस वर्षांत शिक्षक जेथे शिकला तेथील मताप्रमाणे त्याचे विद्यार्थी हातांनी बोलले किंवा हात बांधून बसले. गुरूच्या शिक्षणाचा परिणाम शिष्याच्या आयुष्यावर किती खोल होतो, ह्याचे ह्याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या देशात कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत निघाली, आणि ती काढण्यात मुंबईचे तत्कालीन महागुरू लिओ म्यूरिन ह्यांचा पुढाकार होता, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. ती एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातील गोष्ट. शिकविण्यासाठी वॉल्श नावाचे शिक्षक लाभले. इ. स. १८९३ साली कलकत्त्यास अशीच शाळा निघाली. तिच्या संस्थापकांपैकी जामिनीनाथ बॅनर्जी हे ही विद्या शिकण्यासाठी इंग्लंड व अमेरिका येथे जाऊन आले. येथे शाळा होती, मुले होती, उत्साहही होता. शिक्षकाची तयारी करणारे स्थान मात्र समुद्रापार होते.

अंधांच्या शिक्षणात प्रांतभेदाची कथा आणखी बोलकी आहे. ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनी इ. स. १८८७ साली अमृतसर येथे अंधांची शाळा काढली. तदनंतर निरनिराळ्या प्रांतांत शाळा निघाल्या, आणि निरनिराळ्या मंडळींनी आपापल्या भाषांसाठी ब्रेलच्या सहा टिंबांची वेगवेगळी जुळणी केली. परिणाम असा, की एका प्रांतातील अंध विद्यार्थ्याचे पुस्तक दुसऱ्या प्रांतातील शिक्षकाच्या बोटांस वाचता येईना. इ. स. १९५१ साली भारती ब्रेल ही सर्व भारतीय भाषांसाठी समान पद्धती स्वीकारली गेली, तेव्हा कोठे हा गोंधळ मिटला. ब्रेलच्या पुस्तकातील मराठी मराठीच राहिली व तमिळ तमिळच राहिली. अक्षर उमटविण्याची रीत तेवढी एक झाली. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होईल.

आता सांप्रतच्या काळाकडे वळू. "विशेष शिक्षक" हे नाव आज जगभर ऐकू येते. परंतु त्या नावाचा मनुष्य सकाळी शाळेत जाऊन नेमके काय करतो हे पाहू गेल्यास देशोदेशी निराळे चित्र दिसते.

इटली देशात इ. स. १९७७ च्या एका कायद्याने वेगळे वर्ग बंद करून सर्व मुलांस सामान्य वर्गात घेतले. तेथील विशेष शिक्षकास आधार-शिक्षक म्हणतात. तो एका मुलाचा खाजगी सांभाळणारा नसून संपूर्ण वर्गाचा दुसरा शिक्षक मानला जातो, आणि वर्गातील सर्व मुलांच्या मूल्यमापनात त्याचा वाटा असतो. त्यासाठी आधी सामान्य शिक्षकाची पात्रता मिळवून वर विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. फिनलंडमध्ये विशेष शिक्षक पदव्युत्तर पदवी घेतलेला असतो. वाचन अथवा गणित ह्यांत मागे पडलेल्या कोणत्याही मुलास आठवड्यातून काही तास त्याच्याकडे जाता येते. त्यासाठी वैद्यकीय दाखला लागत नाही, आणि म्हणून त्या खोलीत जाण्याची लाजही फारशी उरत नाही.

इंग्लंडमध्ये प्रत्येक सामान्य शाळेत विशेष गरजांचा एक समन्वयक असावा असा नियम आहे, आणि तो पात्र शिक्षकच असावा लागतो. आराखडे करणे, पालकांस भेटणे, इतर शिक्षकांस मार्ग दाखविणे हे त्याचे काम. मुलाजवळ दिवसभर बसणारी व्यक्ती बहुधा साहाय्यक असते, आणि तिची तयारी समन्वयकापेक्षा पुष्कळच कमी असते. मात्र कर्णबधिर किंवा दृष्टिहीन मुलांचे स्वतंत्र वर्ग शिकविणाऱ्यास त्या त्या विषयाची वेगळी पात्रता सक्तीने मिळवावी लागते. जर्मनीत शिक्षण हा घटक राज्यांचा विषय. तेथे विशेष शिक्षकाचा पेशा विद्यापीठापासूनच स्वतंत्र असतो. परंतु ब्रेमेन राज्याने इ. स. २००९ च्या कायद्याने वेगळ्या शाळा बहुतांशी कमी करण्याची वाट धरली, तर बव्हेरियात वेगळ्या शाळांचे जाळे कायम राहिले. म्हणजे पदवी एकाच प्रकारची घेतलेले दोन स्नेही दोन राज्यांत गेले, तर एक जण सामान्य शिक्षकासोबत वर्गात उभा राहील आणि दुसरा स्वतंत्र शाळेत दहा-बारा मुलांचा वर्ग चालवील.

आपल्या भारतात ह्या पेशाचे नियमन भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. तिचा कायदा इ. स. १९९२ साली झाला. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पुरा करून तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव दाखल झाल्याखेरीज विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आणि पदवीनंतर विशेष शिक्षणातील बी.एड. ह्या दोन प्रमुख वाटा होत. बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते, ते इ. स. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. आपल्या जवळच, वांद्रे येथे, कर्णबधिरांच्या क्षेत्रातील शिक्षकांची तयारी करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था इ. स. १९८३ पासून उभी आहे. ह्याप्रमाणे प्रशिक्षणाचा दर्जा ठरविणारी सत्ता सर्व देशासाठी एकच आहे, हे आपले भाग्यच म्हणावयाचे.

परंतु ही तयारी बहुतेक करून एकेका अक्षमतेप्रमाणे विभागलेली आहे. एकाने श्रवणदोषाचा अभ्यास केलेला, दुसऱ्याने दृष्टिदोषाचा, तिसऱ्याने बौद्धिक अक्षमतेचा. स्वतंत्र शाळेत ही विभागणी शोभते, कारण कर्णबधिरांच्या शाळेत सर्व मुले कर्णबधिरच असतात. गावच्या सामान्य शाळेत मात्र पहिलीत एक अंध, तिसरीत एक स्वमग्न आणि पाचवीत एक मेंदूच्या पक्षाघाताचे मूल असावयाचे. आणि सर्वांमागे मिळून शिक्षक एकच, तोही आठवड्यातून एखादे वेळी येणारा. कानाच्या यंत्राची परीक्षा करावयास जो शिकला, त्याच्या हाती अंध मुलाची ब्रेल पाटी व टोचणी येते. तो बिचारा रात्री स्वतः शिकतो आणि सकाळी मुलास शिकवितो. अशा शिक्षकांस आम्ही भेटलो आहोत. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. पण एकाच्या सद्भावनेवर संपूर्ण व्यवस्था टेकू नये. त्यातच इ. स. १९९५ च्या कायद्यात अक्षमतेचे ७ प्रकार होते, ते इ. स. २०१६ च्या कायद्याने २१ झाले. कायद्याची यादी एका दिवसात वाढली. शिक्षकांची विद्या तितक्या वेगाने कशी वाढावी?

दुसरा भेद राज्याराज्यांतील. दिल्लीत इ. स. २००९ साली उच्च न्यायालयाने शाळाशाळांतून विशेष शिक्षक नेमण्याचा आदेश दिला, तेव्हा तेथे तो शाळेच्या नित्याच्या शिक्षकवर्गात मोजला जाऊ लागला. केरळात शाळाशाळांतून फिरणारे शिक्षक आहेत; शिवाय ग्रामपंचायती व कुटुंबश्री ह्यांच्या साहाय्याने बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी "बड्स" नावाच्या शाळा इ. स. २००४ पासून निघाल्या. तेथील शिक्षिकेस पंचायतीशी, आरोग्यसेविकेशी व मातांच्या गटांशी नित्य संबंध ठेवावा लागतो. गोव्यात पर्वरीच्या संजय केंद्रासारखी शासनाच्या आधाराची संस्था आहे, जुन्या गोव्यात कारितासची सेंट झेवियर्स अकॅडमी आहे, आणि सामान्य शाळांतही साधन-खोल्या आहेत. राज्य लहान असल्याने ह्या सर्वांस परस्परांची ओळख राहते.

आपल्या महाराष्ट्रात स्वतंत्र शाळांची परंपरा जुनी व मोठी आहे. पण तिचा कारभार दीर्घकाळ समाजकल्याणाच्या खात्याकडे होता, आणि इ. स. २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग झाल्यावर तो तिकडे गेला. सामान्य शाळांत फिरणारे विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेखाली शिक्षण खात्याच्या आश्रयाने काम करतात. त्यांच्यापैकी पुष्कळांनी वर्षानुवर्षे कंत्राटावर, थोड्या वेतनावर दिवस काढले. एकच मूल स्वतंत्र शाळेतून सामान्य शाळेत जाऊ इच्छिते, तेव्हा दोन खात्यांच्या मध्ये त्याच्या कागदांची फरफट होते. इ. स. २०२४ साली केंद्रशाळांच्या स्तरावर विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय राज्याने घेतला, ही समाधानाची गोष्ट होय.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ह्यात लक्ष घातले. दि. २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात त्याने अशा मुलांसाठी शिक्षकांचे प्रमाण ठरवून देण्यास सांगितले. त्यानुसार इ. स. २०२२ साली केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दर १० मुलांमागे १ आणि वरच्या वर्गांत दर १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण जाहीर केले. तरीही अनेक राज्यांनी पदे निर्माण केली नव्हती. म्हणून इ. स. २०२५ च्या मार्च महिन्यात न्यायालयाने सर्व राज्यांस मुदत घालून ती पदे निर्माण करण्याचा पुन्हा आदेश दिला. पुन्हा आदेश द्यावा लागला, ह्यातच सर्व आले.

आता कोणी म्हणेल, "फादर, एवढे भेद आहेत तर सर्वत्र एकच साचा का बसवू नये?" आम्हांस तसे वाटत नाही. भेद दोन प्रकारचे असतात. मुलाच्या गरजेतून जन्मलेला भेद हवाच. वसईच्या वाडीतील मुलास त्याच्या घरच्या बोलीत समजावले पाहिजे. डहाणू-जव्हारच्या डोंगराळ पाड्यावरील मुलाकडे शिक्षकाने चालत गेले पाहिजे. मुंबईतील मुलास आगगाडी व रस्ता ओलांडण्याचे शिक्षण आधी दिले पाहिजे. कर्णबधिरांच्या समूहास आपली खुणांची भाषा असलेली शाळा हवी असेल, तर तिचाही मान राखला पाहिजे. दुसरा भेद मोठ्यांच्या सोयीतून जन्मतो : कोणत्या खात्याकडे पैसा आहे, कोणत्या राज्याने पद मंजूर केले, कोणत्या शहरात प्रशिक्षणाचे विद्यालय आहे, कोणत्या धर्मगुरूस धीर आहे. हा भेद मात्र मिटला पाहिजे. ब्रेलच्या टिंबांचे जे झाले तेच येथे व्हावे. भाषा ज्याची त्यास राहो. शिक्षक असण्याचा हक्क, त्याच्या तयारीचा किमान दर्जा आणि त्याच्या पदाची शाश्वती सर्वत्र समान असो.

आणखी एक गोष्ट आम्हांस शिक्षकांकडून शिकावयास मिळाली. विशेष शिक्षकाचे कौशल्य शोधावयाचे तर त्याने केलेला मुलाचा आराखडा पाहावा. तीत "मुलगा सुधारत आहे" असे मोघम वाक्य नसते. "चार घास स्वतः खाल्ले; पाचव्यास मदत लागली", "दहापैकी सात वेळा आपले नाव ओळखले" असे लिहिलेले असते. मोठे काम लहान पायऱ्यांत मोडणे आणि प्रत्येक पायरीवर मुलाची वाट पाहणे, ही ह्या विद्येची गुरुकिल्ली होय. ही किल्ली दोन वर्षांच्या अभ्यासाने हाती येते. केवळ दयाळू अंतःकरणाने ती येत नाही. "बाई प्रेमळ आहे, सांभाळील मुलांना" असे म्हणून आपण पुष्कळदा कोणास तरी वर्गावर बसवितो. प्रेमळ माणसाने दात काढावेत असे आपण कधी म्हणत नाही!

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. महोत्सव समितीपुढे तीन विनंत्या मांडावयाच्या आहेत.

पहिली अशी, की विभागवार घरोघरी जाऊन अशा मुलांची व प्रौढांची नोंद करावी. त्यात जातधर्म पाहू नये. आपल्या शाळेच्या परिसरातील प्रत्येक घर त्यात यावे. पालकांस लाज वाटू न देता, चहा घेता घेता, हे काम मातांनीच करावे. दाखला, शाळा, साधने ह्यांपैकी काय मिळाले व काय मिळाले नाही, एवढेच लिहून घ्यावे.

दुसरी विनंती पैशाची आहे. महोत्सवाच्या निधीतून देवळापुढे रोषणाईची कमान उभारण्याचे ठरले आहे. तरुणांनी मोठ्या हौसेने तिचा आराखडा केला आहे, हे आम्ही जाणतो. त्यांचे मन मोडावे असा हेतू नाही. तथापि कमान दहा दिवस उजळेल, आणि तिच्या खर्चात आपल्या धर्मग्रामातील दोन मुलामुलींस विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमास पाठविण्याची निदान सुरुवात तरी होऊ शकेल. त्या दोघांनी दोन भिन्न अक्षमतांचा अभ्यास घ्यावा, म्हणजे एकाचे अपुरे ज्ञान दुसरा भरून काढील. प्रवेश घेण्यापूर्वी ती संस्था व तो अभ्यासक्रम पुनर्वास परिषदेने मान्य केलेला आहे की नाही हे पाहून घ्यावे; नाही तर दोन वर्षे जातील आणि नोंदवहीत नाव लागणार नाही. शिकून आल्यावर त्यांस शासनाची नोकरी मिळो अथवा आपल्या शाळेत राहोत, त्यांस योग्य वेतन मिळाले पाहिजे. सेवेच्या नावाखाली कोणास उपाशी ठेवणे हा आपल्या संस्थांचा जुना दोष आहे, आणि धर्मगुरू असल्याने तो आम्हीच बोलून दाखविलेला बरा.

तिसरी विनंती आमच्याच धर्मशिक्षकांस. आपल्या वर्गात असे मूल आल्यास त्यास परत पाठवू नये. शिकवावे कसे हे ठाऊक नसेल तर तसे सांगावे. आपण मिळून जाणत्यास विचारू. सभागृहाची दारालगतची तळमजल्यावरील खोली ह्या कामासाठी मोकळी करून देण्याचे आम्ही ठरविले आहे. तीत आजवर मंडपाचे सामान पडून होते.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, हे काम शासनाचे आहे. खरे आहे, ते शासनाचेच आहे, आणि त्याने ते करावे म्हणून आपण अर्ज, शिष्टमंडळे व आवश्यक तेथे न्यायालयाची पायरी ह्यांचा अवलंब अवश्य करावा. परंतु खात्याचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत सात वर्षांचे मूल दहा वर्षांचे होते. ती तीन वर्षे त्यास कोण परत देणार? आमच्या "पुढल्या वर्षी पाहू" ह्या तीन शब्दांनी एका मुलाची तीन वर्षे गेली, ती आम्हांस अजून परत देता आलेली नाहीत.

शेवटी शुभवर्तमानातील एका प्रसंगाचे स्मरण करून आटोपते घेतो. प्रभूकडे एका बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या माणसास आणले, तेव्हा त्याने त्यास गर्दीतून बाजूस नेले, त्याच्या कानांस व जिभेस स्वतः स्पर्श केला, आणि त्याचे कान उघडले. त्या माणसास शब्द ऐकू येत नव्हते, म्हणून प्रभू त्याच्याशी स्पर्शाने बोलला, असे आम्हांस वाटते. त्यानंतर तो मनुष्य गर्दीपासून दूर राहिला नाही. तो लोकांत परतला आणि स्पष्ट बोलू लागला. बाजूस नेणे आणि परत आणणे, ही दोन्ही कामे त्या एका कृतीत आहेत. काही प्रांतांनी केवळ बाजूस नेले आणि मुले तेथेच राहिली. काहींनी केवळ गर्दीत बसविले आणि स्पर्श करावयास कोणी नव्हते. उत्तम शिक्षक दोन्ही करतो, मग तो कोणत्याही प्रांताचा असो.

स्मरणिकेसाठी आकडे जुळविताना जी नावे उरली, ती आम्ही एका कोऱ्या वहीत उतरवून घेतली आहेत. ती वही त्या तळमजल्याच्या खोलीतील टेबलावर राहील. ह्यांपैकी पुष्कळ जण आता प्रौढ झाले आहेत; काहींचे आईबाप थकले आहेत. पुढल्या रविवारपासून आम्ही त्यांच्या घरी जाण्यास आरंभ करीत आहो. कोणास सोबत यावयाचे असल्यास सकाळच्या मिस्सानंतर थांबावे.

परमेश्वर ह्या धर्मग्रामावर व त्यातील प्रत्येक लेकरावर आपली कृपा ठेवो.